आगमनकाळातील शास्त्रवाचन: वाचकांचे प्रश्न

आगमनकाळ (नाताळच्या आधीचा तयारीचा काळ) ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमधल्या एका रविवारी सुरू होतो. त्याआधीच मंडळीमंडळींत वाचकांच्या याद्या लागतात आणि आमच्याकडे प्रश्न येऊ लागतात. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. कॅथलिक मिस्सा असो वा प्रॉटेस्टंट उपासना, बहुतेक उत्तरे दोन्हीकडे लागू पडतील. जिथे पद्धत वेगळी आहे तिथे तसे सांगितले आहे.

प्रश्न: माझा आवाज मोठा आहे, माईकही नीट चालतो. तरी मागच्या बाकांवरचे लोक म्हणतात, "वाक्याचा शेवट कळत नाही." चूक कुठे होत असावी?

चूक श्वासाची आहे आणि मराठीत ती फार महाग पडते. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, नकारही शेवटीच येतो. वाचक जोरात सुरुवात करतो, मधल्या विशेषणांवर दम खर्च करतो आणि "नाही"पाशी पोहोचेपर्यंत आवाज घशात उतरलेला असतो. यशया ११:९ मध्ये पवित्र डोंगरावर कोणी उपद्रव देणार नाही, नासधूस करणार नाही, असे म्हटले आहे. तो "नाही" गिळला, तर मागच्या बाकाला उपद्रव आणि नासधूस एवढेच ऐकू जाते. आहाज राजाचे उत्तर (यशया ७:१२) तर नकारावरच उभे आहे.

यावर उपाय दोन. पहिला, श्वास घेण्याच्या जागा आधीच ठरवा. लांब वाक्यात शेवटच्या चार-पाच शब्दांच्या आधी एक छोटा श्वास हवाच. दुसरा, सराव शेवटाकडून करा. आधी फक्त शेवटचे दोन शब्द पूर्ण आवाजात म्हणा, मग शेवटचे पाच, मग अर्धे वाक्य, मग पूर्ण वाक्य. दहा वचनांच्या उताऱ्याला याला पंधरा मिनिटे पुरतात. आवाजाची पट्टी वाक्याच्या शेवटी खाली आली तर बिघडत नाही, ती यावीच. जोर मात्र कमी होता कामा नये. पट्टी आणि जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक वाचकांची गल्लत इथेच होते.

प्रश्न: तयारी किती दिवस आधी सुरू करावी? आम्हांला उतारा शनिवारी रात्री कळतो.

शनिवारी रात्री कळतो, कारण कोणी आधी पाहत नाही. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने आधीच ठरलेली असतात. कॅथलिकांची रोमन वाचनसूची (कोणत्या दिवशी कोणते उतारे वाचायचे याची यादी) १९६९ मध्ये आली आणि तिची दुसरी आवृत्ती १९८१ मध्ये. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या १९९२ ची सुधारित सामायिक वाचनसूची वापरतात. दोन्हींत 'अ' वर्षी मत्तय, 'ब' वर्षी मार्क आणि 'क' वर्षी लूक यांचे शुभवर्तमान मुख्य असते. वर्ष ओळखण्याची युक्ती सोपी आहे. ज्या इसवी सनाला ३ ने नि:शेष भाग जातो ते 'क' वर्ष. मात्र उपासनेचे वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीच बदलते. म्हणजे २९ नोव्हेंबर २०२६ पासून २०२७ चे 'ब' वर्ष सुरू होईल.

आठवडा हाताशी असेल तर सोमवारी फक्त तो उतारा न वाचता त्याच्या मागचापुढचा पूर्ण अध्याय वाचा. कोण बोलत आहे, कोणाशी आणि कोणत्या प्रसंगी, हे एका ओळीत लिहून काढा. मंगळवार-बुधवारी मोठ्याने वाचा, पेन्सिल हातात घेऊन. छोट्या विरामाला एक उभी रेघ, मोठ्याला दोन, आणि एका वाक्यात अधोरेखित शब्द एकच. दोन शब्दांवर जोर दिला की एकावरही राहत नाही. गुरुवारी उताऱ्याची वेळ मोजा. यशया ११:१-१० दीड मिनिटाच्या आत संपत असेल तर तुम्ही धावत आहात. दोन ते अडीच मिनिटे हा सुखाचा वेग. शुक्रवारी समोर कोणाला तरी बसवा. त्यांच्या हातात पुस्तक देऊ नका. वाचून झाल्यावर "काय ऐकलं?" एवढेच विचारा. ते जे सांगू शकणार नाहीत, ते तुमच्या वाचनातून पोहोचलेले नाही. शनिवारी विश्रांती.

प्रश्न: यशया ४०:३ मध्ये "अरण्यात" हा शब्द "वाणी"ला जोडायचा की "मार्ग"ला? आमच्याकडे दोन वाचकांनी एकाच दिवशी दोन तऱ्हेने वाचले आणि वाद झाला.

दोघांचेही बरोबर असू शकते. 'ब' वर्षाच्या दुसऱ्या रविवारी यशया ४० आणि मार्क १:१-८ दोन्ही वाचले जातात, म्हणून हा घोळ होतो. यशयाच्या कवितेत ओळी जोडीने येतात: अरण्यात मार्ग सिद्ध करा, रानात राजमार्ग सरळ करा. दुसऱ्या ओळीतले "रानात" रस्त्याला जोडलेले आहे, म्हणून पहिल्या ओळीतले "अरण्यात"ही रस्त्यालाच जोडायचे. विराम घ्यायचा तो वाणीचा उल्लेख संपल्यावर, "अरण्यात"च्या आधी. मार्क मात्र हे वचन ग्रीक भाषांतराच्या वळणाने घेतो. तिथे घोषणा करणाराच अरण्यात आहे आणि पुढच्याच वाक्यांत बाप्तिस्मा करणारा योहान अरण्यात उभा राहतो. म्हणून मार्कमध्ये विराम "वाणी"नंतर, "मार्ग"च्या आधी.

त्या रविवारच्या दोन्ही वाचकांनी आदल्या दिवशी एकत्र बसून पाच मिनिटे ही जागा वाचून पाहावी. एकाने दुसऱ्याला "सुधारू" नये, एवढ्यासाठी तरी.

प्रश्न: सूचीत मीखा ५:१-४अ असे लिहिले होते. पुस्तकात पाहिले तर पहिले वचन वेढ्याबद्दल आणि गालावर मारण्याबद्दल निघाले. हे नाताळच्या आधी कशाला वाचायचे?

ते वाचायचे नव्हतेच. रोमन सूची वचनांचे हिब्रू क्रमांक वापरते. मराठीत सर्वाधिक वापरात असलेल्या पवित्र शास्त्रात क्रमांक काही ठिकाणी एकाने पुढे-मागे आहेत. सूचीतले मीखा ५:१-४अ म्हणजे तुमच्या पुस्तकातले ५:२-५अ. सुरुवात "बेथलेहेम एफ्राथा"ने व्हायला हवी आणि शेवट शांतीच्या शब्दांवर. न तपासता वाचले तर सुरुवात वेढ्याने होते आणि शांती राहूनच जाते.

आगमनकाळात अशा जागा बऱ्याच आहेत, म्हणून एकदाच नोंदवून ठेवा:

'ब' वर्षाचा पहिला रविवार: सूचीतले यशया ६३:१९ब म्हणजे मराठीतले ६४:१, आणि ६४:२-७ म्हणजे ६४:३-८. इथे चुकलात तर देवाने आकाश फाडून खाली उतरावे ही त्या उताऱ्याची मुख्य हाकच गळते.

२३ डिसेंबर: मलाखी ३:२३-२४ मराठी पुस्तकात सापडणारच नाही, कारण तिथे तिसरा अध्याय १८ व्या वचनाला संपतो. ते ४:५-६ आहे.

स्तोत्र ८०: हिब्रू क्रमात स्तोत्राचा मथळा हेच पहिले वचन धरतात. सूचीतले २-३ म्हणजे आपले १-२.

नाताळच्या रात्रीचा यशया ९:१-६ हा आपल्याकडे ९:२-७.

क्रमांकापुढचे अ, ब म्हणजे वचनाचा पहिला आणि दुसरा भाग. कुठे तोडायचे याची शंका असेल तर पाळकांना किंवा धर्मगुरूंना विचारा. तोडल्यावर उरलेले वाक्य पूर्ण लागते ना, हेही पाहा. छापील वाचनग्रंथ वापरत असाल तर ही कटकट नाही. 'क' वर्षाच्या दुसऱ्या रविवारी कॅथलिक सूचीत बारूख ५:१-९ आहे. तो ग्रंथ प्रॉटेस्टंट पवित्र शास्त्रात नसतो. सामायिक सूचीने त्याला मलाखी ३:१-४ हा पर्याय दिला आहे.

प्रश्न: १७ डिसेंबरला मत्तयातली वंशावळ वाचली जाते. लोक कंटाळतात, मुले हसतात. ती थोडक्यात आटोपावी का?

आटोपू नये. कंटाळा नावांमुळे येत नाही, "झाला"मुळे येतो. अब्राहामास इसहाक झाला, इसहाकास याकोब झाला, असे वाचताना वाचक प्रत्येक "झाला"वर ठेका धरतो आणि पाढे सुरू होतात. जोर नव्या नावावर द्या, "झाला" हलके सोडा. पुढच्या जोडीत तेच नाव पुन्हा येते तेव्हा ते जुने झालेले असते, त्यावर जोर नको. एवढ्या एका बदलाने ती वंशावळ चालू लागते.

मत्तयाने स्वतःच तिचे तीन भाग केले आहेत, चौदा-चौदा पिढ्यांचे. दावीद राजापाशी (वचन ६) आणि बाबेलच्या देशांतरापाशी (वचन ११) पूर्ण श्वास घ्या आणि पुढचा भाग नव्याने सुरू करा. तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको या चौघी जिथे येतात तिथे वेग किंचित कमी करा. साचा तिथे मोडतो आणि तो मोडलेला ऐकू आला पाहिजे. सर्वांत मोठा मोड सोळाव्या वचनात आहे. तोवर प्रत्येक जण बापाला झाला. इथे योसेफ फक्त मरीयेचा पती आहे आणि येशू तिच्या पोटी जन्मतो. हे वाक्य आधीच्या वेगात गेले तर सगळी वंशावळ वाया.

उच्चारांबद्दल थोडे. छापील मराठी रूपच वाचा. ऐनवेळी इंग्रजी रूपाकडे वळू नका. जरुब्बाबेल आणि जखऱ्या यांतला ज "जमीन" मधला. शल्तीएल, अम्मीनादाब, यहोशाफाट ही नावे अक्षरे तोडून तीनदा लिहा, मग एका दमात म्हणा. एखाद्या नावाचे दोन उच्चार चालत असतील तर एक निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. घाबरत घाबरत उच्चारलेले बरोबर नाव लोकांना चुकीचेच वाटते.

प्रश्न: किती अभिनय करावा? गब्रिएल देवदूताचा आवाज वेगळा, मरीयेचा वेगळा असे आमच्या तरुण संघाला आवडते.

नाट्यप्रवेशात चालेल, वाचनपीठावर नाही. आवाज बदलला की लोक तुमच्याकडे पाहतात आणि वचन बाजूला राहते. त्याचबरोबर सपाट वाचनही नको, ते नम्रतेचे लक्षण नव्हे.

बोलणारा बदलताना आवाज तोच ठेवून दोन गोष्टी करा: आधी अर्ध्या सेकंदाचा विराम, आणि वेगात थोडा फरक. लूक १:२६-३८ मध्ये मरीयेचा प्रश्न (वचन ३४) साधा, खराखुरा प्रश्न आहे. तो शंकेखोरही नको आणि रडवेलाही नको. "मी प्रभूची दासी" नंतर पूर्ण थांबा. त्यानंतर देवदूत निघून गेल्याचे छोटे वाक्य येते. वाचक ते पुस्तक मिटता मिटता म्हणून टाकतात. त्याला स्वतःचा श्वास द्या.

रविवारागणिक रंग वेगळा असतो. पहिल्या रविवारच्या इशाऱ्यांना धमकावणीचा सूर लावू नका. मार्क १३:३३-३७ चा शेवट जागृत राहण्याच्या आज्ञेवर होतो. ती आज्ञा ठाम आणि शांत हवी. तिसऱ्या रविवारी आनंदाची वचने येतात. फिलिप्पै ४:४ मध्ये "आनंद करा" दोनदा आहे, मध्ये "पुन्हा म्हणेन". दोन्ही एकाच पट्टीत म्हटली तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही. दुसऱ्याला थोडा संथपणा द्या, मोठा आवाज नको. यशया ११ मध्ये प्राणी जोडीने येतात आणि प्रत्येक जोडीत एक खाणारा, एक खाल्ला जाणारा. लांडगा आणि कोकरू यांच्यामध्ये घाई केली तर ऐकणाऱ्याला आश्चर्य वाटायला वेळच मिळत नाही. आणि शाळेत कविता म्हणताना लागतो तो हेल, प्रत्येक ओळीच्या शेवटी वर जाणारा, तो काढून टाका. सराव करताना ते वाक्य आधी शेजाऱ्याला सांगावे तसे आपल्या शब्दांत सांगा आणि मग लगेच छापील शब्दांत वाचा. हेल बहुधा तिथेच सुटतो.

प्रश्न: रोमकरांस पत्र १:१-७ वाचताना दम लागतो आणि कोण कोणाला काय म्हणतो हेच हरवते.

मूळ ग्रीकमध्ये ही सातही वचने मिळून एकच वाक्य आहे, त्यामुळे दोष तुमचा नाही. आधी सांगाडा शोधा: पौलाकडून, रोममधल्या सर्वांना, कृपा व शांती असो. बाकी सगळे येशूविषयीचे मध्ये घातलेले निवेदन आहे. सांगाड्याचे शब्द पेन्सिलीने ठळक करा आणि ते एकाच पट्टीत वाचा. मधले भाग किंचित खालच्या पट्टीत, पण वेग न वाढवता. दावीदाच्या वंशातला जन्म आणि मेलेल्यांतून उठणे ही दोन टोके समोरासमोर ऐकू यावीत. 'ब' वर्षाच्या चौथ्या रविवारच्या रोम १६:२५-२७ लाही हेच लागू.

प्रश्न: माईकमधून "भ" आणि "फ" फुटतात. तोंड किती दूर ठेवावे?

एक वीतभर, म्हणजे साधारण १५ ते २० सेंटिमीटर. त्याहून महत्त्वाचा कोन. माईक ओठांसमोर सरळ नको; हनुवटीच्या पातळीवर किंवा एका बाजूला ठेवून तोंडाकडे वळवा, म्हणजे श्वासाचा झोत त्याच्या बाजूने जाईल. आपल्या भाषेत भ, फ, थ, ध, ख यांची रेलचेल आहे आणि गब्रिएलाचे "भिऊ नको" तर भ नेच सुरू होते. फार जवळ गेलात तर आवाज घुमरा होतो, कारण असे माईक जवळच्या आवाजातला खर्ज वाढवतात. दूर गेलात की ध्वनियंत्रणा पाहणारा आवाज वाढवतो आणि शिट्टी सुरू होते.

माईकवर टिचकी किंवा फुंकर मारू नका. उपासनेच्या आधी आपल्याच उताऱ्याची पहिली दोन वाक्ये खऱ्या आवाजात वाचून दाखवा. उंची तेव्हाच ठरवा आणि तुमच्या आधीचा वाचक उंच असेल तर वर गेल्यावर आधी माईक खाली घ्या, मग तोंड उघडा. दगडी, उंच छताच्या इमारतीत आवाज घुमत राहतो. तिथे शब्द ताणण्यापेक्षा वाक्यांमधला विराम वाढवा. आधीचा नाद विरला की पुढचे वाक्य. रिकाम्या इमारतीतल्या सरावापेक्षा भरलेल्या इमारतीत घुमणे कमी असते, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न: मेणबत्तीचक्र पेटवताना मुले वचने वाचतात. दिवे मंद असतात आणि ती अडखळतात.

मुलांचा दोष कमी, कागदाचा जास्त. अक्षर किमान १८ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, आणि कागदाचा खालचा तिसरा भाग कोरा. मजकूर खालपर्यंत असला की मान वाकते आणि आवाज छातीत जातो. ओळी अर्थाप्रमाणे तोडा. "परमेश्वराचा" एका ओळीत आणि "मार्ग" दुसऱ्या ओळीत असे होऊ देऊ नका. कागद जाड पुठ्ठ्यावर लावा, थरथर दिसत नाही आणि ज्योतीजवळ फडफडतही नाही. छोट्या टॉर्चची सोय करा. मेणबत्ती आधी पेटवावी, काडी विझवावी, मग वाचन. दोन्ही एकदम ठेवले तर सगळ्यांचे डोळे काडीवर असतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाला तीन-चार वचने पुरेत.

प्रश्न: आम्ही 'नऊ धडे आणि गीते' ही नाताळची उपासना करतो. नऊ वाचक, नऊ तऱ्हा. एकसारखेपणा कसा आणावा?

आवाजांचा एकसारखेपणा नकोच. या उपासनेचा जन्म १८८० मध्ये इंग्लंडमधल्या ट्रुरोला झाला. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात ती १९१८ पासून होते आणि तिथे लहान गायकापासून प्रमुखापर्यंत वेगवेगळे वाचक असतात, तेच तिचे वैशिष्ट्य. एकसारखे ठेवायचे ते बाहेरचे: भाषांतर एकच, सुरुवातीचे व शेवटचे शब्द एकच, उठायची वेळ एकच. गीताच्या शेवटच्या कडव्याला पुढचा वाचक जागेवरून उठावा. गीत संपल्यावर चालायला सुरुवात केली तर नऊ वेळा अर्धा-अर्धा मिनिट जातो.

प्रश्न: चुकीचा शब्द वाचला तर माफी मागावी का? आणि मोबाइलवरून वाचले तर चालेल का?

माफी नको. अर्थ बदलला असेल तर त्या वाक्यांशापासून पुन्हा शांतपणे वाचा. नसेल तर पुढे जा. डाव्या हाताचे बोट ओळीवर ठेवा, म्हणजे वर पाहिल्यावर जागा हरवत नाही. वर पाहायचे तेही वाक्य संपताना, मध्येच नाही. घसा कोरडा पडत असेल तर आधी कोमट पाण्याचे दोन घोट घ्या.

मोबाइल टाळा. पडदा मंदावतो, बोट लागून पान सरकते, वरून संदेशाची पट्टी येते. मोठे पुस्तक जड जात असेल तर मोठ्या अक्षरांचा कागद फाइलमध्ये घालून वाचा.

प्रश्न: "पहिले वाचन" असे म्हणावे का? अध्याय-वचन सांगावे का?

मिस्सेत नाही. लाल अक्षरांतला मथळा आणि वर दिलेले सारवाक्य वाचायचे नसते; "यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून" अशा उद्घोषणेपासूनच सुरुवात करावी. जिथे लोक स्वतःचे पवित्र शास्त्र उघडून बसतात अशा उपासनेत ग्रंथ, अध्याय, वचन सांगावे, तेही दोनदा, आणि पाने उलटण्याचा आवाज थांबेपर्यंत थांबावे.

शेवटच्या वाक्यानंतर मनात तीन मोजा, मग तुमच्या विधीत छापलेले समाप्तीचे शब्द म्हणा. ते वाचनाला चिकटवले तर यशयाच्याच तोंडचे वाटतात. लोकांचा प्रतिसाद पूर्ण होईपर्यंत हलू नका. पुस्तक उघडेच ठेवा, आणि पुढच्या वाचकाचे पान लावून द्यायचे ठरले असेल तर ते लावून मगच खाली उतरा.